न्यूग्रेंजचं टेकाड: पाच हजार वर्षं कोरडं राहिलेलं दालन

डब्लिनच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर, बॉइन नदीच्या मोठ्या वळणात, एका उंचवट्यावर गवताने झाकलेलं गोल टेकाड आहे. व्यास साधारण ८५ मीटर, उंची १२ मीटरच्या आसपास, खाली गेलेली जमीन एक एकराहून जास्त. हे न्यूग्रेंज. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी, गहू-बार्ली पिकवणाऱ्या आणि गुरं पाळणाऱ्या लोकांनी ते रचलं. त्यांच्याकडे धातूची हत्यारं नव्हती, चाक नव्हतं, चुनाही नव्हता.

टेकाडाच्या पोटात एक दगडी बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला दालन. या दालनाचं छत बांधलं त्या दिवसापासून आजपर्यंत दुरुस्तीविना उभं आहे आणि आतून कोरडं आहे. आयर्लंडच्या पावसात कोरडं राहणं हे उभं राहण्याइतकंच अवघड.

न्यूग्रेंजबद्दल बोलताना लोक दोन गोष्टी सांगतात: डिसेंबरात आत येणारा सूर्यकिरण आणि दर्शनी बाजूची पांढरीशुभ्र भिंत. किरण खरोखर अद्भुत आहे. भिंतीची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊच. बांधणाऱ्यांचं खरं कौशल्य बाहेरून न दिसणाऱ्या भागात आहे: छताच्या दगडांच्या वरच्या अंगाला कोरलेल्या खाचा, सांध्यांत भरलेली भाजकी माती, गोट्यांच्या थरांमध्ये घातलेली हरळी. त्यामुळे सुरुवात आतूनच करू.

रचना कशी आहे

अशा बांधकामाला पुरातत्त्वात पॅसेज ग्रेव्ह म्हणतात, म्हणजे बोळ असलेली कबर. तिचे भाग मोजकेच. मध्ये किंवा मध्याच्या अलीकडे दालन, तिथपर्यंत नेणारा अरुंद बोळ, दोन्हींवर माती-दगडांचं टेकाड, आणि टेकाडाच्या पायाशी कडेने मांडलेले मोठे दगड. एकदा पुरून कायमचं बंद करायच्या कबरीपेक्षा ही निराळी, कारण बोळामुळे पुन्हा पुन्हा आत जाता येतं.

न्यूग्रेंजचा बोळ १९ मीटर लांब आहे. त्याच्या भिंती उभ्या दगडांच्या आहेत: आत जाताना डाव्या हाताला २२, उजव्या हाताला २१. शेवटी दालन आणि त्याला तीन बाजूंना तीन मोठे कोनाडे, त्यामुळे नकाशावर आकार क्रूसासारखा दिसतो. कोनाड्यांत परातीसारखे खोलगट दगड ठेवलेले आहेत. उजव्या हाताचा कोनाडा सर्वांत मोठा, कोरीव कामही त्यातच सर्वांत जास्त, आणि त्यात एकावर एक अशा दोन दगडी पराती आहेत. बोळ आणि दालन मिळून लांबी टेकाडाच्या व्यासाच्या एक तृतीयांशही होत नाही, म्हणजे टेकाडाचा बराचसा भाग आतून भरीव आहे.

कडेचे दगड ९७ आहेत, एकाला एक लागून. बहुतेक ग्रेवॅक नावाच्या कठीण, करड्या दगडाचे. प्रवेशासमोरचा आडवा दगड तीन मीटरांहून लांब आणि सुमारे पाच टनांचा आहे. त्यावरच्या वेटोळ्यांची चित्रं जगभर पोचली आहेत. ही नक्षी छिन्नीने कापलेली नाही. गार किंवा चकमकीच्या अणकुचीदार तुकड्यावर दगडी हातोड्याचे ठोके देत, टिंब टिंब उडवत ती काढली आहे.

छताचं गणित

दालनाचं छत जमिनीपासून सहा मीटर उंच आहे. कमान माहीत नसताना आणि एवढा मोठा अखंड दगड वर चढवणं शक्य नसताना ही पोकळी झाकायची कशी? त्यासाठी सपाट दगडांचे थर रचले, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवून. पोकळी लहान लहान होत गेली आणि शेवटी एका दगडाने तोंड बंद केलं. अंबरनाथच्या शिवमंदिरात किंवा सिन्नरच्या गोंदेश्वरात मंडपाखाली उभं राहून वर पाहिलं की एकात एक लहान होत जाणारी दगडी वर्तुळं दिसतात. तिथे घडीव दगड आणि नक्षी आहे, इथे ओबडधोबड फळ्या आहेत, पण तत्त्व एकच.

या पद्धतीत दगडाचा आतला भाग अधांतरी असतो. तो आत कोसळू नये म्हणून बाहेरच्या टोकावर वजन हवं. म्हणून प्रत्येक दगडाचा निम्म्याहून अधिक भाग मागे, टेकाडाच्या पोटात गाडलेला असावा लागतो आणि त्यावर गोट्यांचा भार असावा लागतो. यावरून बांधकामाचा क्रमही ठरतो. आधी दालन पूर्ण करून मग वर माती लोटली, असं होऊच शकत नाही. छताचा एक थर चढला की बाहेरून भर घालायची, तिच्यावरून पुढचे दगड ओढत वर न्यायचे, पुढचा थर मांडायचा. टेकाड हाच दगड वर चढवायचा उतार आणि टेकाड हाच छताला दाबून धरणारा भार. दोन्ही एकत्रच वाढतात.

थरांचे दगड अगदी सपाट बसवलेले नाहीत. त्यांची बाहेरची टोकं आतल्या टोकांपेक्षा किंचित खाली आहेत. वरून झिरपलेलं पाणी दगडावरून सरकत दालनापासून दूर जातं. हा उतार उलटा झाला असता तर प्रत्येक थर पाणी आत आणणारी पन्हळ झाला असता.

बोळाच्या छतावर पाण्याचा बंदोबस्त आणखी काळजीने केला आहे. मायकेल ओ'केली यांनी १९६२ ते १९७५ या काळात न्यूग्रेंजचं उत्खनन केलं. बोळावरची भर काढल्यावर छताच्या दगडांच्या वरच्या अंगाला कोरलेल्या खाचा मिळाल्या. पाणी खाचेत उतरावं आणि बाजूला निघून जावं, अशी ती योजना. दगडांमधल्या फटी भाजलेली माती आणि समुद्राची वाळू यांनी बुजवलेल्या होत्या. भर पडल्यानंतर हे काम कोणाच्याही नजरेला पडणार नव्हतं. तरीही ते जसं केलं आहे, ते पाहून या लोकांविषयी मनात आदर दाटून येतो.

याच भाजक्या मातीतून बांधकामाचा काळ कळला. तिच्यात जळक्या लाकडाचे कण होते. रेडिओकार्बन पद्धतीने वय काढताना नेहमीची अडचण अशी, की नमुना बांधकामाच्या आधीचा किंवा नंतरचा असू शकतो. आत सापडलेलं हाड शंभर वर्षांनी आणून ठेवलेलं असू शकतं. फटीतला लेप मात्र छत बांधतानाच भरावा लागतो आणि भर घातल्यावर तिथे हात पोचत नाही. म्हणून इ.स.पू. ३२०० च्या आसपासचा काळ भक्कम मानला जातो.

टेकाड म्हणजे नुसता ढीग नव्हे

भर मुख्यतः नदीकाठच्या गोलसर गोट्यांची आहे. गोटे भरपूर मिळतात आणि वाहायला सोपे असतात, पण एकमेकांवर टिकत नाहीत, घरंगळतात. त्यावर उपाय म्हणून थरांमध्ये हरळीचे ठोकळे घातले. गवत, मुळं आणि माती यांसकट जमिनीची वरची साल कापून ती पसरली. मुळांनी बांधलेली माती गोट्यांना धरून ठेवते आणि उताराला स्थैर्य देते.

या हरळीची किंमत शेतकऱ्यालाच कळेल. गवताची साल काढली की ती जमीन कित्येक वर्षं ना चराईच्या कामाची राहते ना पिकाच्या. म्हणजे हे टेकाड उभारताना आजूबाजूची कसदार जमीन खर्ची पडली आहे. श्रमाचाही हिशेब मांडून पाहू. टेकाडाचं वजन दोन लाख टनांच्या घरात असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. २० किलोची एक टोपली धरली तर एक कोटी टोपल्या होतात. २०० माणसांनी रोज प्रत्येकी २० खेपा केल्या तर दिवसाला ४,००० टोपल्या, म्हणजे २,५०० दिवस. शेतीच्या कामातून वर्षाला १०० दिवस मोकळे मिळाले असं मानलं तर २५ वर्षं. यात मोठ्या दगडांची ओढाई धरलेली नाही. वजनाचा अंदाज निम्म्यावर आणला तरी सुरुवात करणाऱ्यांतल्या अनेकांनी शेवट पाहिला नसणार.

शिवाय सगळं सामान जवळचं नाही. पांढऱ्या गारगोट्या दक्षिणेकडच्या विकलो डोंगरांतल्या आहेत. ग्रॅनाइटचे गोल गोटे उत्तरेकडच्या मोर्न डोंगरांतले, बहुधा समुद्रकिनाऱ्यावरून वेचलेले. दोन्ही दिशांना अंतर पन्नासेक किलोमीटर. बांधायला पुरतील एवढे दगड पायाशी असताना हे ओझं आणलं, तेव्हा ते कुठून आलं यालाही त्यांच्या लेखी महत्त्व होतं.

कुठे बिघडतं

अशा बांधकामाचे शत्रू तीन: बाजूचा रेटा, पाणी आणि घसरण.

बोळाचे उभे दगड जमिनीत खड्डा घेऊन, भोवती लहान दगड ठोकून बसवलेले असतात. छताचं वजन त्यांना सरळ खाली दाबतं, ते त्यांना सोसतं. पण दोन्ही अंगांची भर त्यांना आडवी आत ढकलत असते. दगड बुटका आणि खड्डा उथळ असला की तो हळूहळू आत कलतो. न्यूग्रेंजमध्ये नेमकं हेच झालं होतं. बोळातले काही दगड इतके कलले होते की वाट चिंचोळी झाली होती. ओ'केली यांच्या पथकाने वरची भर आणि छताचे दगड उतरवून हे दगड सरळ केले, छत परत बसवलं आणि पुन्हा रेटा येऊ नये म्हणून आत काँक्रीटचा आधार दिला. दालनाला मात्र हात लावावा लागला नाही. तिथे रेटा सगळीकडून सारखा येतो आणि वर्तुळात रचलेले थर एकमेकांनाच अडवून धरतात. बोळाच्या दोन सरळ भिंतींना असा आधार नसतो, म्हणून या प्रकारच्या कबरींत बोळ आधी बिघडतो.

घसरण कडेला झाली. टेकाडाचा वरचा भाग बाहेर ओघळला आणि कडेचे बरेच दगड त्याखाली गाडले गेले. कालांतराने सगळा आकार गवताळ टेकडीसारखा झाला आणि दार लपलं. १६९९ मध्ये जमिनीचा मालक चार्ल्स कॅम्पबेल रस्त्यासाठी दगड काढवत होता, तेव्हा मजुरांना बोळाचं तोंड लागलं. त्याच सुमारास वेल्श अभ्यासक एडवर्ड लुइड तिथे पोचला आणि त्याने पहिलं वर्णन लिहून ठेवलं.

दगडांची अशी लूट हा चौथा शत्रू म्हणायला हवा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या बार्नेनेझ इथे १९५० च्या दशकात रस्त्याच्या खडीसाठी असंच टेकाड फोडायला घेतलं आणि आतली दालनं उघडी पडली. नुकसान भरून न येणारं होतं, पण थरांवर थर कसे आत सरकवले आहेत हे तिथल्या उभ्या छेदात इतकं स्वच्छ दिसतं की कुठल्याही आकृतीची गरज पडत नाही.

किरण आत कसा येतो

बोळाचं तोंड आग्नेयेला, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे आहे. पण एवढ्याने भागत नाही. बोळाची जमीन दारापासून दालनापर्यंत सुमारे दोन मीटर चढत जाते. त्यामुळे दारातून आलेला प्रकाश वाटेतच जमिनीवर पडून संपतो. दालनाची जमीन जवळजवळ दाराच्या माथ्याच्या पातळीवर आहे. मग प्रकाश दालनात न्यायचा तर तो दाराच्या वरून घ्यायला हवा. बांधणाऱ्यांनी तेच केलं. दाराच्या छतावर दगडी पेटीसारखा एक झरोका ठेवला आणि त्याच्या तळाशी छताच्या दोन दगडांमध्ये फट राखली.

उगवता सूर्य क्षितिजावर असतो, म्हणून किरण जवळपास आडवे येतात. ते झरोक्यातून शिरतात, चढत्या बोळाच्या वरच्या भागातून जातात आणि थेट दालनाच्या जमिनीवर उतरतात. ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी हे पहिल्यांदा पाहिलं. दोन वर्षांनी त्यांनी घड्याळ लावून नोंद केली: सूर्याची कड ८ वाजून ५४ मिनिटांनी दिसली, ८.५८ ला पहिला किरण दालनात आला, पट्टा १७ सेंटिमीटर रुंद झाला, आणि ९.१५ ला प्रकाश गेला. एकूण १७ मिनिटं.

हे योगायोगाने झालं असेल का, ही शंका रास्त होती. तिचं उत्तर मोजणीतून मिळालं. पृथ्वीच्या अक्षाचा कल आज सुमारे २३.४ अंश आहे, पाच हजार वर्षांपूर्वी तो २४ अंशांच्या आसपास होता. त्यामुळे तेव्हा या दिवशीचा सूर्य क्षितिजावर आजच्यापेक्षा सुमारे एक अंश आणखी दक्षिणेला उगवायचा. ते धरून हिशेब केला की आज सूर्योदयानंतर चार मिनिटांनी येणारा किरण तेव्हा सूर्योदयाच्या क्षणीच आत शिरत होता आणि दालनाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता, असं निघतं. पट्टाही रुंद असणार, कारण तेव्हा बोळाचे दगड सरळ होते. आणखी एक पुरावा साधा आणि पटणारा आहे. झरोका गारगोटीच्या ठोकळ्यांनी बंद करता येत होता आणि ठोकळा सरकवल्याचे ओरखडे खालच्या दगडावर उरले आहेत. म्हणजे दार बंद ठेवूनही झरोका उघडला जाई.

अयनदिनाच्या, म्हणजे या सर्वांत लहान दिवसाच्या, आसपास सूर्याची जागा फारशी हलत नाही, म्हणून १९ ते २३ डिसेंबर या दिवसांत प्रकाश आत येतो. अर्थात ढग नसतील तर.

पांढऱ्या भिंतीचं काय

दर्शनी बाजूची सुमारे तीन मीटर उंच, जवळजवळ उभी गारगोट्यांची भिंत १९७० च्या दशकातली आहे. ओ'केली यांना ओघळलेल्या भरीखाली, प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना गारगोट्यांचा थर मिळाला. ही कडेच्या दगडांवर उभी असलेली आणि नंतर पुढे कोसळलेली भिंत असावी, असा निष्कर्ष काढून त्यांनी ती पुन्हा उभी केली. आज ती आतल्या काँक्रीटच्या आधारावर उभी आहे.

आक्षेप इथेच येतो. ढिल्या गोट्यांचं टेकाड मागून रेटत असताना, काँक्रीटशिवाय अशी उभी भिंत टिकणं कठीण. जवळच्याच नाउथ या मोठ्या टेकाडात जॉर्ज ओगन यांना प्रवेशासमोर अशाच गारगोट्या मिळाल्या. त्यांनी त्या जमिनीवर अंथरलेल्या फरसासारख्या ठेवल्या. आम्हाला नाउथची मांडणी जास्त पटते. पाच हजार वर्षांपूर्वी इथे भरपूर पांढरी गार होती हे पक्कं आहे, ती उभी होती की आडवी यावर मतभेद आहेत. प्रवेशाजवळ आत वळलेल्या काळसर दगडी भिंती तर उघडपणे आधुनिक आहेत. लोकांना जाता यावं म्हणून त्या बांधल्या आणि त्या मुद्दाम वेगळ्या रंगात ठेवल्या, हे चांगलं केलं.

आत कोण होतं

उत्खननात किमान पाच माणसांचे अवशेष मिळाले, काही जळलेले, काही न जळलेले, आणि सगळे विस्कटलेले. सोबत हाडाच्या टाचण्या, मणी, लोलक, लहान गुळगुळीत गोळे. १६९९ पासून दार उघडं होतं, त्यामुळे मूळ मांडणी हाती लागली नाही. एवढ्या प्रचंड बांधकामात इतक्या थोड्या माणसांचे अवशेष, म्हणून ही केवळ स्मशानाची जागा नव्हती असं बहुतेक अभ्यासक मानतात.

२०२० मध्ये लारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी इथल्या एका पुरुषाच्या हाडातला डीएनए वाचला. त्याचे आईवडील सख्खी भावंडं किंवा पालक आणि अपत्य असे अगदी जवळचे नातलग होते. पुढच्या काळात काही राजघराण्यांत असे संबंध दिसतात, म्हणून न्यूग्रेंजमागे देवासमान मानलेलं राजघराणं असावं, असा तर्क मांडला गेला. २०२५ मध्ये इतर अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली: विस्कटलेल्या हाडांतल्या एका तुकड्यावरून राजवंश सिद्ध होत नाही, आणि अशा कबरींतल्या माणसांचं एकमेकांशी नातं बहुधा दूरचं आहे. डीएनएचा निकाल पक्का आहे. राजाची कथा पक्की नाही. बातम्यांमध्ये हा फरक पुसला गेला, म्हणून तो इथे मुद्दाम सांगतो आहोत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे नागपूरजवळच्या जुनापाणीची किंवा माहुरझरीची शिलावर्तुळं आठवतील. दोन्हींना महापाषाणीय म्हणतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली, म्हणजे न्यूग्रेंजहून दोन हजारांपेक्षा जास्त वर्षांनी नंतरची. तिथे बोळ नाही, दालन नाही. दफनावर माती-मुरुमाची भर आणि भोवती मोठ्या दगडांचं कडं असतं. सोबत लोखंडाची अवजारं मिळतात, माहुरझरीला घोड्याचे अलंकारही मिळाले आहेत.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे लक्षात ठेवावं, की टेकाडापर्यंत थेट गाडी नेता येत नाही. नदीच्या दक्षिणेकडच्या अभ्यागत केंद्रातून बसने नेतात आणि आत वाटाड्यासोबतच जाता येतं. अयनदिनाच्या सकाळी आत जाण्यासाठी सोडत काढतात आणि हजारो अर्जांतून मोजक्यांना जागा मिळते. इतर दिवशी दालनात विजेच्या दिव्याने किरणाचं प्रात्यक्षिक दाखवतात. बोळ अरुंद आणि काही ठिकाणी ठेंगणा आहे, बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा. आत फोटो काढू देत नाहीत.

दालनात पोचल्यावर आधी मान वर करा आणि छताचे थर नीट पाहा, कारण तिथे काहीही बदललेलं नाही. मग समोरच्या कोनाड्यात उजव्या हाताच्या दगडावरची तिहेरी वेटोळी शोधा. बाहेर आल्यावर प्रवेशाच्या दगडावर मधोमध असलेली उभी खाच पाहा. टेकाडाला वळसा घालता आला तर बरोबर विरुद्ध बाजूच्या नक्षीदार दगडावरही तशीच खाच आहे, आणि तिथे पांढरी भिंतही आड येत नाही.